डावा गाल

"भाऊ, जाळीचा एक तुकडा उरला," बाबुलाल शिडीवरून म्हणाला. "भट्टीच्या बाजूनं सोडून देऊ का?"

"कायले? टिन हाय ना तिथं वरून," सदाशिवराव म्हणाले. "गुंडाळून ठेव. घरी कूलरवर टाकतो."

लोहाऱ्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सदाशिवरावांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. यंदा समोर नवा कॅफे झाला. त्यानं बाहेर मोठ्या छत्र्या लावल्या. तेव्हापासून कारखान्यातली पोरं चहा इकडचा घेत आणि प्यायला तिकडच्या सावलीत जाऊन उभी राहत. चार दिवसांनी चहाही तिकडचाच घेऊ लागली. म्हणून सदाशिवरावांनी बाहेरच्या खुर्च्यांवर सावलीसाठी हिरवी जाळी टाकायला काढली होती.

आधी कपबशा धुणारी संगीता आता भट्टीपाशी स्टुलावर बसून आलुबोंडे तळत होती. तिनं झारा कढईवर आडवा ठेवला.

"काकाजी, तो तुकडा इकडं लावा. नाई तर उद्यापासून दुपारी मी बसत नाई."

"आता तुह्यं काय?"

"ऊन येते."

"टिनाखाली ऊन येते?"

"तीन वाजले का येते. वरून नाई, बाजूनं."

सदाशिवराव बाबुलालकडे पाहून हसले. "ऐकलं का? हिची काकू इतकी वर्सं याच स्टुलावर बसली. कधी एका शब्दानं बोलली नाई. अन् या बाईले दोन महिन्यांत ऊन लागलं."

"तीन वाजता तुम्ही असता कुठी?" संगीता म्हणाली.

बाबुलाल उगाच खोकला. दुपारी जेवायला घरी जायचं, कूलरसमोर आडवं व्हायचं आणि ऊन उतरल्यावर परत यायचं, हे सदाशिवरावांचं ठरलेलं होतं. आज फक्त जाळीच्या कामासाठी ते थांबले होते.

"काकूचा डावा गाल काळा पडला होता," संगीता म्हणाली. "उजवा गोरा अन् डावा काळा. मी कपबशा धुताना रोज पाहू. तुमाले दिसला नाई?"

सदाशिवराव गल्ल्यावर हात ठेवून उभे राहिले. बायकोचा, तानाबाईचा आवाज त्यांना लगेच आठवला. घाईत असली म्हणजे चपला फरफटत चालायची, तेही आठवलं. गाल आठवेना.

त्यांनी मागं वळून भिंतीकडे बोट दाखवलं. दोन महिन्यांपूर्वी ती गेली, तेव्हा तेरवीला लावलेला तिचा फोटो तिथं होता. हार वाळून गेला होता.

"हा पाह्य फोटो. कुठी हाय काळा? दोन्ही गाल एकसारखे हायेत."

संगीतानं फोटोकडे पाहिलं.

"फोटोत नाई," ती म्हणाली, आणि पुन्हा झारा हातात घेतला.

बाबुलालनं खुर्च्यांवरच्या जाळीची शेवटची दोरी बांधली. खाली उतरून तो पाणी प्यायला. समोरच्या छत्र्यांखाली एकही जागा रिकामी नव्हती. उन्हानं टिन तडतडत होतं.

"ऊठ," सदाशिवराव संगीताला म्हणाले. "मी पाहतो."

ते तानाबाईच्या स्टुलावर बसले. या जागी ते कधी बसले नव्हते. आधी काही जाणवलं नाही, फक्त भट्टीची धग समोरून येत होती. मग ऊन टिनाच्या कडेखालून आत सरकलं. पहिल्यांदा दंडावर आलं, मग मानेवर, मग गालावर. त्यांनी स्टूल मागं घेतलं, तर पाठ भिंतीला लागली. त्यांनी डावा हात तोंडाआड धरला.

"तो हात पिठात राह्यते, काकाजी," संगीता म्हणाली. "बोंडे कशानं सोडान?"

"मंग पदर घ्यायचा डोक्यावरून."

"पदर जाळाकडं येते."

सदाशिवरावांनी हात खाली घेतला.

"मंग ते बोलली काहून नाई मले?"

संगीतानं कढईतले बोंडे काढले, झारा झटकला.

"बोलली होती. माह्यासमोर एकदा. तुम्ही घरी जेवाले निघाले होते."

"मंग? मी काय म्हटलं?"

"टिन हाय ना वरून, असं म्हटलं."

बाबुलाल शिडी उचलायला निघाला होता. तो थांबला.

"तो तुकडा इकडं सोड," सदाशिवराव त्याला म्हणाले. "पार खालपर्यंत."

जाळी बांधायला वेळ लागला नाही. स्टुलावर हिरवट सावली पडली. संगीता येऊन बसली आणि गालावरचा घाम तिनं मनगटानं पुसला. तिचाही डावा गाल उजव्यापेक्षा काळसर दिसत होता. सदाशिवरावांनी तो पहिल्यांदाच पाहिला.

त्यांनी भिंतीवरचा फोटो काढला. हार बाजूला केला, काच शर्टानं पुसली आणि फोटो दाराशी उजेडात धरला. दोन्ही गाल एकसारखे गोरे होते. मग त्यांनी यवतमाळच्या फोटो स्टुडिओवाल्याला फोन लावला.

"तानाबाईचा फोटो तू बनवला होता, तेरवीसाठी. तो साफ कराच्या आधीचा हाय का तुह्याजवळ? जसा होता तसा?"

"नाई जी, काकाजी," तिकडून स्टुडिओवाला म्हणाला. "तुम्हीच तर म्हटलं होतं ना, एका गालावर सावली पडली, ते काढून टाक."