उलटे हेडफोन

झांज अर्ध्यावर येऊन अडली. आसावरीने माउसने तिला आणखी उजवीकडे ओढलं, पण सॉफ्टवेअर हटून बसलं. त्यातल्या ड्रमसेटची झांज डावीकडेच वाजणार, उजव्या हाताने वाजवणाऱ्यांची वाजते तशी. डावखुऱ्यांसाठी त्यात सोयच नव्हती.

सतरा वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईला हे सॉफ्टवेअर तीन दिवस दाद देत नव्हतं, आणि शनिवार दोन दिवसांवर आला होता. शनिवारी अल्फारेटा गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये उर्वीचा बँड तिच्या आठवणीत वाजवणार होता. ड्रमवर कोणी बसणार नव्हतं. ड्रम उर्वीचेच वाजणार होते, स्पीकरमधून.

उर्वी, तिची एकुलती एक, गेल्या ऑक्टोबरमध्ये गेली. अठरा वर्षांची पोर, कॉलेजमधून घरी येताना हायवेवर. मागे तिच्या लॅपटॉपमध्ये एक फाइल राहिली. बेसमेंटमधले तिचे ड्रम म्हणजे इलेक्ट्रॉनिक, रबराच्या थाळ्या. त्यांचा आवाज वाजवणाऱ्याच्या हेडफोनपुरता. घरच्यांना वर नुसती टकटक ऐकू यायची. फाइलमध्येही आवाज नव्हता. कुठल्या थाळीवर, कधी, किती जोरात ठोका पडला, एवढीच नोंद. तिला आवाज द्यायचं काम या सॉफ्टवेअरचं. हात उर्वीचे, आवाज भाड्याचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आसावरीचा नवरा अरुण खोलीतून उठून गेला होता.

सोमवारी जय आला होता. बँडमधला गिटारवाला, आसावरीच्या मैत्रिणीचा, दीपाचा मुलगा. ऐकता ऐकता त्याने मान हलवली.

"काकू, साउंड उलटा येतोय. उर्वी लेफ्टी वाजवायची."

"छे रे, काहीतरीच! तिचा हात मी चौथ्या वर्षीच वळवला. चमचा, पेन्सिल, सगळं उजव्या हातात."

"होमवर्क उजव्याने करत असेल. ड्रम्स नाही. खाली जाऊन बघा ना, सेटअप लेफ्टी आहे."

आसावरी खाली गेली. झांज उजवीकडे होती. तीन वर्षं ती त्याच ड्रमसेटच्या शेजारून कपड्यांची टोपली घेऊन ये-जा करत होती. प्रसादाला पुढे आलेला डावा हात तिने कधी खपवून घेतला नव्हता, आणि पोरीने अख्खा ड्रमसेट तिच्या डोळ्यांसमोर डावा मांडला होता. निदान शनिवारी तरी उर्वीला तिच्या हाताने वाजवू द्यायचं, हे एकच वेड आसावरीने डोक्यात घेतलं.

म्हणून ती त्या झांजेच्या हात धुऊन मागे लागली होती. सरळ बोटाने तूप निघेना, तेव्हा तिने एकेक ड्रम वेगळ्या चॅनेलवर काढला आणि प्रत्येकाची बाजू स्वतंत्र बदलली. झांजही गेली उजवीकडे. तरी काहीतरी मागे राहत होतं. हे ड्रम ज्या खोलीत रेकॉर्ड केले होते, तिथली घुमघुम सगळ्यांच्या खाली वाजत होती, आणि त्या घुमघुमीत झांज बारीक आवाजात आपल्या जुन्याच जागी बसलेली. उजवीकडे उर्वी, आणि डावीकडे तिने वळवलेली उर्वी. भर दुपारी आसावरीच्या अंगावर काटा आला. तिने जयला फोन लावला.

"काकू, एवढं नका करू," जय म्हणाला. "शनिवारी आपण स्पीकरच्या केबल्स स्वॅप करू, डन. उर्वीच्या मशीनमध्येपण लेफ्टी ऑप्शन नव्हता. ती सिंपली हेडफोन उलटे घालायची."

आसावरीने फोन ठेवला. उलटे हेडफोन तिला चांगलेच आठवत होते. मार्चमधला रविवार होता, दीपाकडची मंडळी जेवायला यायची होती. उर्वीला वर बोलवायला ती बेसमेंटमध्ये उतरली होती. "अगं, उलटे घातलेस," म्हणत तिने स्वतःच ते पोरीच्या डोक्यावरून काढले, सरळ केले आणि पुन्हा घातले. "थँक्स, आई," उर्वी हसून म्हणाली होती. "आलेच पाच मिनिटांत." फाइलवर त्याच रविवारची तारीख होती.

तिने आपली सगळी खटपट पुसून टाकली, उर्वीचे हेडफोन उलटे घातले आणि फाइल पहिल्यापासून लावली. झांज उजवीकडे आली, घुमघुमीसकट. गाणं साडेतीन मिनिटांत संपलं. एरवी ती इथेच बंद करायची, बँडला तेवढंच हवं होतं. आज तिचा हात उठला नाही. उर्वी पुढे नुसतीच वाजवत राहिली, मनाला येईल तसं. मग एकदम थांबली.

त्या शांततेत मोठ्या ड्रमचे ठोके आले. अगदी हलके, एकामागून एक. उर्वीचे नव्हते; तिचे ठोके आसावरी आता ओळखत होती. मग तिच्या लक्षात आलं. मोठ्या ड्रमची थाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीला टेकलेली होती. जिन्यावर पाऊल पडलं की तिला धक्का बसायचा, आणि मशीन तोही ठोका म्हणून लिहून घ्यायचं. वरचं दार उघडताच पोर थांबली होती. आणि ही खाली येणारी पावलं आसावरीची होती.

मग बराच वेळ काही नाही. मग तीच पावलं, वर जाणारी. तिने नकळत मोजली. तेरा.

तेराव्या पावलानंतर क्षणभर पुन्हा शांतता होती, हेडफोन काढून उलटे घालायला लागतो तेवढाच वेळ. आणि मग उर्वी जीव ओतून वाजवायला लागली.