इनोसेन्सियोचा आवाज

"अहो, तुम्ही इथं, मग नदीवर कोण बोलतंय?" रोसाउराने विचारलं.

इनोसेन्सियो चुलीपुढून उठला. आवाज त्याचाच होता. लाकूडतोड्यांच्या बोटीवरच्या भोंग्यातून येत होता. "भिऊ नका. मी तुमचाच आहे. बाहेर या."

ही भाषा या काठावर एकट्या इनोसेन्सियोला येत होती. बोलणारी बाकीची माणसं पलीकडच्या जंगलात होती, आणि ती कधीच बाहेर येत नसत. दोन पावसाळे लिमा शहरातून आलेल्या ग्रासिएलाने त्याच्या घरी राहून, त्याच्या ताटातली केळी खाऊन, त्याचा शब्द न् शब्द त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतला होता. "काका, तुमची माणसं भेटली तर काय म्हणाल? शब्दकोशासाठी हवंय," असं तिनेच एकदा विचारलं होतं.

त्याने होडी पाण्यात लोटली. बोटीच्या कठड्याशी ग्रासिएलाच उभी होती. समोरच्या वाळूत नव्या कुऱ्हाडी आणि पातेली मांडून ठेवलेली होती.

"बंद कर ते, पोरी!"

"काका, कुणी इजा नाही करणार त्यांना. गावात घरं देणार आहेत. औषधं मिळतील."

"आम्हालाही असंच जंगलातून बोलावलं होतं. महिन्याभरात आई खोकून खोकून मेली. तुला सांगितलं होतं मी."

तिने मान खाली घातली. भोंगा मात्र बंद केला नाही.

तेवढ्यात पलीकडची पानं हलली. पाच-सहा माणसं वाळूवर आली. एक म्हातारी पुढे होती. तिच्यामागे कडेवर मूल घेतलेली बाई. म्हातारी हसत होती, बोलणाऱ्याला शोधत होती. बोटीवरची माणसं तिकडे जायला बोटीचे दोर सोडायला लागली.

इनोसेन्सियोने होडी बोट आणि वाळू यांच्या मध्ये घातली. तो उभा राहिला. नुसतं पळा म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. बाहेर या म्हणणारा आवाज तर तोच होता.

"मी तुमचा कुणी नाही!" तो त्यांच्या भाषेत ओरडला. "खोटं बोललो! तुम्हाला विकायला आलोय!"

म्हातारीचं हसू मावळलं. एक बाण सणसणत आला आणि त्याच्या खांद्यात घुसला. पोराला छातीशी धरून बाई पळाली. तिच्यामागे सगळेच पळाले.

म्हातारी तेवढी झाडांपाशी थबकली. वळून थुंकली.

"घरभेद्या!"

इनोसेन्सियो होडीत खाली बसला. आई गेल्यापासून साठ वर्षांत त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललेलं ते पहिलं माणूस होतं.