ओढणीची गाठ

वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी व्हायचा कोर्स सुगंधाने वर्षभर केला. टायपिंग, अर्जांचे मसुदे, आणि शेवटी संध्याकाळच्या यंत्राखाली मान न हलवता बसायचा सराव. अशिलांचं दिवसभर वाचलेलं सगळं ते यंत्र डोक्यातून पुसून टाकायचं. गुपित राखायला गरिबाचं डोकं धुवायचं, ही अक्कल वकिलांचीच.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने टाइप केलं: तांबट आळीतल्या खोल्या उद्या सकाळी पाडायच्या, रहिवाशांना आधी सुगावा लागू द्यायचा नाही. तांबट आळीत ती आणि तिची आई राहत होत्या.

फोन दारातच जमा झाला होता. कागद बाहेर नेता येत नव्हता. तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारली. काही विसरू नये म्हणून आई पदराला मारते, तशी.

"चल पोरी, ये डोकं धुवायला," यंत्रावरचे दगडूकाका म्हणाले. "पहिल्यांदा जड जातं. घरी जाऊन झोप."

घरी पोचली तेव्हा तिच्या अंगात त्राण नव्हतं.

"कसा गेला दिवस?" आईने विचारलं.

"काय माहीत. दमले, एवढं खरं."

"आणि ही गाठ कसली?"

सुगंधा गाठीकडे बघत राहिली. ती कधी मारली, तेच तिला आठवेना.

"मीठ आणायला सांगितलं होतं ना, त्याची असेल," आई म्हणाली. "राहू दे, सकाळी आण."

गाठ बोटांनी सुटेना. आईने दात लावले.

"मिठासाठी एवढी घट्ट मारतात होय गं?"