उन्हाची जागा

परसात ऊन येणारी जागा एकच, आणि तिच्यावरून निवृत्त मोजणीदाराचं बायकोशी तीस वर्षं दरसाल भांडण व्हायचं. तिला नीलमोहर हवा असायचा, त्याला टोमॅटो. “फुलांना काय फोडणी द्यायची?” असं विचारून घरातलं हे एकच भांडण तो जिंकायचा. यंदा मात्र तो दवाखान्यातून तिचा रिपोर्ट घेऊन आला, “सगळं ठीक आहे” म्हणाला आणि मुकाट्याने टेपने जागा मोजून नीलमोहरासाठी खड्डा खणू लागला. ती दारात आली. खड्ड्याकडे, मग त्याच्याकडे पाहत राहिली. “रिपोर्ट इतका वाईट आहे?” तिने विचारलं. त्याला मान वर करवेना. “बुजवा तो खड्डा. टोमॅटोच लावा. झाड मी पुढच्या वर्षी भांडून घेईन.” त्याने बाहीने डोळे पुसले, फावडंभर माती आत ढकलली. “अजिबात नाही,” तो कसाबसा म्हणाला. “पुढच्या वर्षी वांगी लावायची आहेत.”