तोफेचे बैल

घाटाच्या चिखलात घोड्यांनी हात टेकले, तेव्हा ती तोफ भिवजीच्या चार बैलांनीच वर आणली होती. आता फौज पळत सुटली होती आणि घोडेच कामाचे होते.

एका स्वाराने जाता जाता ओरडून सांगितलं, "तोफ राहू दे. बैल मारून टाक, गनिमाला ओढायला मिळता कामा नयेत."

"रानात हाकलतो की, सरकार."

भिवजीने जुवं सोडली, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर चाबूक ओढला. बैल झाडीपर्यंत गेले, घुटमळले आणि परत आले. पडलेल्या जुवांपाशी आपापल्या जागी उभे राहून त्यांनी माना खाली घातल्या.

खालच्या वळणावर गनिमाचे घोडे दिसू लागले होते. भिवजीने रोजच्यासारखी थोरल्या बैलाची मान थोपटली आणि कुऱ्हाड उचलली.