हायवेपलीकडचं हॉस्पिटल

“आमच्याकडे पालथं झोपवतात,” फोनवर सुलेखा म्हणाली. “तुमच्याकडे नाही?”

झालं. रत्नाला ताप होता, घसा सोलवटला होता, नवरा परीक्षित परवापासून आयसीयूत होता. पण ‘आमच्याकडे’ हा शब्द कानावर पडताच ती बेसमेंटमधल्या गादीवर ताठ उठून बसली. अमेरिकेत, पार्सिपनीला आल्यापासून ती हा शब्द ऐकत आली होती. सुलेखाकडे एक बाथरूम जास्त. सुलेखाच्या नकुलचं कॉलेज वरच्या नंबरचं. सुलेखाच्या तुळशीला भर थंडीतही मंजिऱ्या.

आता हॉस्पिटलही.

दोघींची घरं हायवेच्या दोन बाजूंना. परीक्षितला अलीकडच्या ॲम्ब्युलन्सने अलीकडे नेलं. सुलेखाच्या प्रतापला त्याच्या आधीच पलीकडच्या ॲम्ब्युलन्सने पलीकडे. दोन वेगळ्या कंपन्यांची हॉस्पिटलं, एकाच्या खिडकीतून दुसऱ्याची पाटी वाचता येईल इतकी जवळ. साथ एकच, आणि उपचार म्हणे निराळे.

“पालथं म्हणजे?”

“पोटावर गं. जागेपणीच, घशात नळी घालायची वेळ येण्याआधी. पाठीकडच्या फुफ्फुसाला हवा मिळते. विचार तुझ्या डॉक्टरला.”

“तुझा आवाज किती बसलाय! आणि काल दिवसभर फोन का नाही उचललास?”

“हॉस्पिटलचंच चाललं होतं सगळं. प्रतापला आता त्रास नाहीये. तू आधी विचार.”

रत्नाने विचारलं. टॅबलेटच्या पडद्यावर डॉक्टर हॅनली दमलेले दिसत होते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना आम्ही पालथं करतो, जागत्या माणसाला नाही, असं ते म्हणाले.

“पलीकडे करतात,” रत्ना म्हणाली.

हे शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदाच अभिमानाने उच्चारले असतील. डॉक्टरांनी भुवई वर केली. बघतो म्हणाले.

संध्याकाळी नर्सने टॅबलेट परीक्षितच्या पलंगाकडे वळवला. चंद्रावर निघाल्यासारखे कपडे घातलेली तीन माणसं त्याच्याभोवती उभी होती. एकीने नळ्या सावरल्या, एकाने खांदा धरला, तिसरीने उशी सरकवली, आणि तो हळूच पोटावर वळला. लग्नातली पालखी उचलावी तितक्या हलक्या हाताने. कोपऱ्यातल्या मशिनवरचा ऑक्सिजनचा आकडा दोन दिवस नुसता घसरत होता. तो थांबला. मग चढायला लागला.

रत्नाने हात जोडले. देवाला, नर्सला आणि, नाइलाजाने, पलीकडच्या हॉस्पिटलला.

मग रोज सकाळी सुलेखाचा फोन येऊ लागला, आणि रोज त्यात एक नवल असायचं. एकदा अलीकडचे डॉक्टर नळी घालायचं म्हणू लागले. सुलेखा म्हणाली, “आमच्याकडे नुसत्या आकड्याला घाबरत नाहीत. माणूस दमलाय का, बोलतोय का, ते बघतात. म्हणावं, जरा जवळ थांबून बघा.” रत्नाने हुज्जत घातली. डॉक्टर हॅनली स्वतः पलंगाशी उभे राहिले. ती वेळ टळली.

एकदा म्हणाली, “आमच्याकडे घरच्यांचा आवाज कानाशी लावतात.” रत्नाने लगेच रेकॉर्ड करून पाठवलं: “परीक्षित, हलू नकोस, पालथाच राहा. गॅरेज आवरायचं बाकी आहे, असा सुटणार नाहीस.” नर्स म्हणाली, तो हसला.

रत्नाच्या डोळ्यांपुढे ते पलीकडचं हॉस्पिटल मोठं मोठं होत गेलं. तिथे नर्सेसना दहा हात असतील, डॉक्टर झोपतच नसतील. आपण हायवेच्या चुकीच्या बाजूला घर घेतलं, याचं तिला मनापासून वाईट वाटायचं.

“यार, तुला इतकं सगळं कसं कळतं?” तिने एकदा विचारलं.

“वाचत बसते. फोन करकरून विचारते. दुसरं काम काय आहे मला आता?”

“प्रताप घरी कधी येतोय?”

“त्याचं सोड. परीक्षितचं सांग.”

हे मात्र सुलेखाला शोभणारं नव्हतं, पण आजारपणात माणसं सुधारतात, असं रत्नाने ठरवून टाकलं. बाकी कुणाला विचारायची सोय नव्हती. मुलीने, अनिकाने, तिला मंडळाच्या सगळ्या ग्रुपमधून काढलं होतं. “नो मोर काढा व्हिडिओज, मॉम,” असं बेसमेंटच्या जिन्यावर भाताचं ताट ठेवता ठेवता तिने बजावलं होतं.

आणि एके सकाळी डॉक्टर हॅनलींनी मास्क खाली करून सांगितलं, की परीक्षित आयसीयूतून बाहेर आलाय. साध्या खोलीत. खिडकीपाशी.

रत्ना रडली, हसली, मग मोठ्या मनाने म्हणाली, “डॉक्टर, खरं श्रेय पलीकडच्यांचं. तुम्ही त्यांचं ऐकलंत.”



“मी पहिल्याच दिवशी त्यांना फोन केला होता,” ते म्हणाले. “जागत्या पेशंटला ते कधीच पालथं करत नव्हते. तुम्ही इतक्या ठाम होतात, म्हणून मी वाचून पाहिलं. काही ठिकाणी करून बघत होते. आता पलीकडचे आम्हाला विचारतात, कसं करायचं.”

रत्ना थक्क झाली. मग तिला हसू फुटलं. म्हणजे थापा! बाथरूम झालं, कॉलेज झालं, आता बाईने हॉस्पिटलच्याही थापा मारल्या, आणि त्या थापांवर आपला नवरा बरा झाला! आज हिला सोडायचं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सापडली होती.

तिने फोन लावला. नकुलने उचलला. तो तर कॅलिफोर्नियात असतो, कधी आला?

“नकुल, आईला दे बाळा. म्हणावं, चोरी पकडली तुझी!”

“काकू, आईला आत्ता उठता येणार नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुम्हाला लिंक नाही आली का? गुरुजी झूमवर आलेत. बाबांचा तेरावा सुरू झालाय.”