मुकुटाचा शिक्का

"पहिली गोळी तूच झाडायची," यासीनभाईनं मुनाफला बजावलं.

"भाई, नळीत आतून चीर आहे. दोनदा सांगितलं तुम्हाला."

"हाशिर गेल्यापासून तुला सगळ्याच नळ्यांत चीर दिसते."

हाशिर मुनाफचा धाकटा भाऊ. वाळवंटातल्या अल खर्जच्या एका फार्महाऊसवर अरब मालकानं जुन्या फौजी बंदुका जमवल्या होत्या आणि त्यांचा सगळा कारभार श्रीवर्धनच्या यासीनभाईच्या हाती. विकायची बंदूक आधी नोकराकडून झाडून घ्यायची, हा त्याचा दंडक. मागच्या हिवाळ्यात अशीच एक फुटली आणि हाशिरचा निम्मा चेहरा उडाला. मुनाफनं त्याच्या सामानाची पत्र्याची पेटी गावी पाठवली, झाकणावर पोलादी ठशांनी एकेक अक्षर ठोकून नाव घातलं. यासीनभाई ते बघून म्हणाला, "हात काय सुरेख आहे रे तुझा." निर्लज्जाला तेवढंच सुचलं.

दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर बुरैद्याचा शेख आला. धंदा खजुराचा, पण जीव सगळा बंदुकांत. त्यानं रायफल उन्हात धरली, भिंग लावलं आणि नळीच्या बुडाशी थांबला. तिथं बारीक मुकुटाचा शिक्का होता.

"हा विलायतेचा," तो हिंदीत म्हणाला. "फौजेनं काढून टाकलेली बंदूक तिथं जादा बारूद भरून झाडतात. टिकली तर शिक्का मारतात, मग बाजारात विकतात. मला फौजेतून निघाली तशी हवी होती. हिची किंमत आता पाव."

यासीनभाईचा चेहराच उतरला. मालकापुढं त्याची धडगत नव्हती. त्यानं रायफल हिसकावली आणि दस्ता मुनाफच्या तोंडावर हाणला. दोन दात वाळूत पडले.

"महिनाभर घासत होतास. दिसला नाही तुला?"

"दिसला," मुनाफ रक्त थुंकत म्हणाला. "तुम्ही माराल म्हणून बोललो नाही."

यासीनभाईनं त्याच्या पोटात आणखी दोन लाथा घातल्या. शेख गाडीकडं निघालेला बघून मात्र तो एकदम गोड झाला. "शेखसाहेब, कपाटात नको तर शिकारीला घ्या. जादा बारूद पचवलेली नळी आहे." मग मुनाफकडं वळला. "आणि म्हणे चीर. भेकड कुठला."

मुनाफ कसाबसा उठला. एका हातानं पोट दाबत दुसरा पुढं करून म्हणाला, "द्या भाई, मी झाडतो."

"हो बाजूला. नेम चुकवून माझी अब्रू घालवशील."

यासीनभाईनं स्वतः गोळी भरली, दस्ता खांद्याला लावला आणि दूरच्या डब्यावर नेम धरला.

आवाज भलताच मोठा झाला. शेख गाडीआड बसला. यासीनभाई उताणा पडला होता. गालफडात लोखंडाचा तुकडा घुसलेला, डावा हात मनगटापासून नव्हता. त्याच्या टाचा थोडा वेळ वाळू उकरत राहिल्या, मग थांबल्या.

पोलीस यायच्या आत मुनाफ वर्कशॉपमध्ये गेला. तोंड धुतलं. हाशिरचं नाव ज्या ठशांनी ठोकलं होतं, त्यांचा डबा उघडला. त्यातला सगळ्यात नवा ठसा काढला, ग्राइंडर सुरू केला आणि टोकावरचा बारीक मुकुट घासून सपाट करून टाकला.